वस्तीतील ओढा : परिसर अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता चौथी ते सातवी)



नदी हा विषय आपण दरवर्षी शिकवितो. उगम, प्रवाह, उपनद्या, संगम, काठची शहरे या क्रमाने पाठ पुरा होतो आणि गोदावरी, पूर्णा, दुधना ही नावे आपल्या जिल्ह्यातील मुले घडाघडा सांगतात. परंतु शाळेच्या मागून जो ओढा जातो त्याचे नाव विचारले की वर्ग गप्प होतो. एखादा धीट मुलगा उत्तर देतो, "गुरुजी, ती नाली आहे." हे उत्तर चूक म्हणून पुसून टाकण्यासारखे नाही. मुलाने जे पाहिले तेच त्याने सांगितले आहे. ओढ्याची नाली कशी झाली, आणि तिचा पुन्हा ओढा होऊ शकतो काय, हाच प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

उदाहरणासाठी खाम नदी घेतली आहे. ती आपल्या जिल्ह्यातून वाहत नाही, तरी आपल्याला अगदीच परकी नाही. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) या शहरातून वाहत जाऊन ती पैठणच्या वरच्या अंगाला नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात मिळते. या धरणाची कोनशिला १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली व १९७६ साली श्रीमती इंदिरा गांधी यांनी ते राष्ट्रास अर्पण केले. धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून त्याचा शेवटचा भाग परभणी जिल्ह्यात आहे. तेव्हा जटवाड्याच्या डोंगरात निघालेली रेघ शहरातून नाथसागरात, नाथसागरातून कालव्यात आणि कालव्यातून आपल्या शेतात कशी येते, हे मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखविता येते. नाथसागर फार विस्तीर्ण आहे, खामचे पाणी त्यात मिसळून विरळ होते, हेही सांगावे. भीती घालणे हा पाठाचा हेतू नाही. मात्र ते शहरही पिण्याचे पाणी याच जलाशयातून उचलते, ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहू नये. आपण टाकलेले फिरून आपल्याच घागरीत येते, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण मराठवाड्यात दुसरे क्वचितच सापडेल.

खामचे पूर्वचरित्र

खडकी नावाच्या गावाजागी मलिक अंबराने १६१० साली नगर वसविले ते या नदीच्या काठी. पुढे औरंगजेबाच्या काळात नगराभोवती तट व दरवाजे झाले. त्यांपैकी मकाई दरवाजा, महमूद दरवाजा व बारापुल्ला दरवाजा यांच्यासमोर खामवर दगडी पूल आहेत. म्हणजे नगरात शिरणाऱ्या माणसाला प्रथम नदी लागे, मग दरवाजा. नगराची पाण्याची सोय मात्र केवळ नदीवर सोपविलेली नव्हती. डोंगरपायथ्याचे झिरपे अडवून ते पाणी जमिनीखालच्या नहरींतून आणण्याची योजना मलिक अंबराने केली. ती नहर-ए-अंबरी म्हणून प्रसिद्ध आहे. पाणचक्कीचे पातेही दूर डोंगरातून खापरी नळांनी आणलेल्या पाण्यावरच फिरत असे. ज्या मुलांनी सहलीत पाणचक्की पाहिली असेल त्यांना विचारावे की, चक्कीच्या शेजारून वाहणारी नदी तुम्हांला आठवते काय? बहुतेकांना हौद आठवेल, नदी आठवणार नाही. त्यात मुलांचा दोष नाही. अलीकडच्या काळात त्या नदीकडे पाहावे असे काही उरलेच नव्हते.

वस्ती वाढली, घरोघर नळ आले, वापरलेले पाणी वाढले. त्या पाण्याला उतार हवा होता आणि उताराच्या तळाशी नदी होती. प्रथम मोऱ्या आल्या, मग कचरा आला, मग पडक्या बांधकामांची माती आली. घरांची तोंडे रस्त्याकडे व पाठी नदीकडे झाल्या. पाठीमागे काय पडते ते कोण पाहतो? आपल्या परभणी शहराच्या कडेने जाणारा पिंगळगड नाला ज्यांनी उन्हाळ्यात व पावसाळ्यात, असा दोन्ही वेळा पाहिला आहे, त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

पाणी काळे का होते

या प्रश्नावर थोडे थांबावे, कारण सातवीच्या मुलांनाही याचे उत्तर बहुधा "घाण असते म्हणून" एवढेच येते.

स्वच्छ वाहत्या पाण्यात हवेतील प्राणवायू थोड्या प्रमाणात विरघळलेला असतो. दगडांवरून खळखळताना तो अधिक मिसळतो. मासे, बेडकांची पिले, पाणकिडे यांचा श्वास त्यावर चालतो. मैलापाणी, उष्टे अन्न, शेण, कुजका पाला हे पाण्यात पडले की अतिसूक्ष्म जंतू ते कुजवू लागतात, आणि हे करताना विरघळलेला प्राणवायू खर्च करतात. घाण थोडी असेल तर पुढे वाहता वाहता पाण्याला प्राणवायू पुन्हा मिळतो व ओढा स्वतःला शुद्ध करून घेतो. घाण मापाबाहेर गेली की प्राणवायू संपतो. मग प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जंतू काम हाती घेतात. त्यांच्या कुजविण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. नासक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याचाच. हा वायू गाळातील लोहाशी संयोग पावतो व काळा पदार्थ तयार होतो. आपल्या भागातील काळ्या पाषाणाच्या मातीत लोह भरपूर असते, म्हणून गाळ डांबरासारखा काळा दिसतो. काळेपणा हे प्राणवायू संपल्याचे चिन्ह आहे, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहावे.

यावरून पुढचा तर्क मुले स्वतः करू शकतात. वरून गाळ काढला, काठ रंगविले, झाडे लावली, पण मोरीचे तोंड तसेच राहिले, तर काय होईल? वर्गाला विचारून पाहा. चौथीचा वर्गसुद्धा बरोबर उत्तर देतो.

२०२१ पासूनचे काम

खामच्या पुनरुज्जीवनाचे काम २०२१ साली महानगरपालिका व छावणी परिषद यांनी पर्यावरणाचे काम करणारी इकोसत्त्व ही संस्था, एक उद्योगसमूह आणि नागरिक यांच्या साहाय्याने हाती घेतले. त्या वेळी आस्तिककुमार पांडेय हे महानगरपालिकेचे आयुक्त होते. पात्रातील कचरा व राडारोडा उचलण्यात आला. नदीत येणाऱ्या नाल्यांवर जाळ्या बसविण्यात आल्या, म्हणजे तरंगता कचरा तेथेच अडावा. ढासळणारे काठ दगडांनी बांधून काढले, देशी झाडे लावली, आणि लोखंडी पुलाच्या बाजूस लोकांना बसता-फिरता येईल अशी बाग केली. टाकाऊ वस्तूंतून आसने व शोभेच्या वस्तू केल्या, भिंती रंगविल्या, मुलांना व विद्यार्थ्यांना काठावर आणले. २०२४ साली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या, शहरांसाठी असलेल्या जागतिक पारितोषिकाच्या अंतिम फेरीत या कामाची निवड झाली होती.

या कामातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट बाग किंवा रंगविलेली भिंत ही नव्हे. कचरा नदीत जातो तो घरून निघतो. म्हणून घरोघरचा कचरा वेगळा करून घेण्याची व्यवस्था आणि नदीचे काम ही एकत्र धरावी लागतात. कचरागाडी रोज वेळेवर येते तेथे नदीकडे जाणारी टोपली आपोआप थांबते. जेथे गाडी येत नाही तेथे फलक लावून उपयोग नसतो. हे आपल्या गावालाही तंतोतंत लागू आहे. उकिरडा ओढ्याच्या काठी असतो, कारण दुसरी जागा कोणी नेमून दिलेली नसते.

मैलापाण्याचे काम मात्र अधिक कठीण व खर्चाचे असते. भूमिगत गटारे टाकून ते पाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेल्याशिवाय नदी निवळत नाही, आणि हे एका वर्षात होणारे नव्हे. तेव्हा "खाम स्वच्छ झाली" असे वर्गात सांगू नये. "खाम स्वच्छ करण्याचे काम चालू आहे" असे सांगावे. मुलांना अपुरे काम दाखविण्यात कमीपणा नाही.

वैशाखात वाहणारा ओढा

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मुलांना नदी काढावयास सांगितली की ती निळी व काठोकाठ भरलेली काढतात. मोठी माणसेही नदी जिवंत झाली म्हणजे ती बारा महिने वाहिली पाहिजे असे धरून चालतात. आपला मुलूख असा नाही. येथील ओढे पावसाळ्यात वाहतात, हिवाळ्यात झिरपतात, आणि उन्हाळ्यात डोहांपुरते उरतात किंवा कोरडे पडतात. मुरमात व खडकाच्या भेगांत मुरलेले पाणी संपले की ओढा थांबतो, हा त्याचा नैसर्गिक धर्म आहे. म्हणून वस्तीतला ओढा वैशाखातही वाहत असेल तर आनंद मानण्याआधी ते पाणी कोठून आले हे शोधावे. बहुतेक वेळा ते मोऱ्यांचे असते.

कोरिया देशाच्या सेऊल या राजधानीतील चोंगग्येचोन नावाच्या ओढ्याचे उदाहरण पुष्कळदा दिले जाते. हा ओढा १९५८ पासून झाकण्यात आला व त्यावर वाहनांचा उंच रस्ता बांधला गेला. २००३ साली तो रस्ता पाडावयास आरंभ झाला आणि २००५ च्या ऑक्टोबरात ५.८ किलोमीटर लांबीचा ओढा पुन्हा उघडा झाला. काठाची हवा उन्हाळ्यात शेजारच्या रस्त्यांपेक्षा थंड राहू लागली, पक्षी व मासे परतले, लोक फिरावयास येऊ लागले. तथापि त्यात वाहणारे पाणी मुख्यतः हान नदीतून व भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत साठणाऱ्या झिरप्यातून पंपांनी आणलेले आहे. श्रीमंत राजधानीला ते परवडते. मराठवाड्यातील ओढा पंपाने वाहता ठेवणे हे शेताच्या तोंडचे पाणी काढण्यासारखे होईल. आपल्याला त्या उदाहरणातून घ्यावयाचे ते इतकेच की, झाकलेला ओढा मेलेला नसतो आणि काठ मोकळा झाला की वस्तीचे तोंड त्याच्याकडे वळते.

आपल्या शाळेतील पाठ

यासाठी दोन तासिका व एक सकाळ पुरते. सकाळ ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांतील असावी. पावसाळ्यात मुलांना ओढ्यावर नेऊ नये. वरच्या अंगाला पाऊस झाला तर येथे ऊन असतानाही लोंढा येतो. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्याला ओढ्यांची ताकद दाखविली आहे. ओढ्याच्या पाण्यात मुलांनी उतरू नये, हातांना जखम असलेल्या मुलाला नमुना हाताळू देऊ नये, आणि परत आल्यावर सर्वांनी साबणाने हात धुतल्याखेरीज खाऊ वाटू नये.

प्रथम गावाचा कच्चा नकाशा फळ्यावर काढावा. ओढा गावात जेथे शिरतो ती जागा "वरचे ठाणे" व जेथे बाहेर पडतो ती "खालचे ठाणे". मुलांचे दोन गट करावेत. दोन्ही ठाण्यांवर तीच निरीक्षणे करावयाची असल्याने तुलना आपोआप होते. पहिले निरीक्षण वासाचे. दुसरे रंगाचे व गढूळपणाचे. शिक्षकांनी हातमोजे घालून पारदर्शक बाटलीत पाणी भरावे आणि कागदावर काढलेली फुली बाटलीतून दिसते काय हे मुलांनी पाहावे. तिसरे निरीक्षण जीवांचे : मासे, बेडूक, चतुर, निवळी, बगळा. जे दिसले नाही त्याचीही नोंद करावी, हे मुद्दाम सांगावे लागते. मुले फक्त दिसलेलेच लिहितात.

चौथे काम मोजणीचे, व ते सहावी-सातवीने करावे. काठावरून दहा मीटर अंतर टेपने मोजून दोन्ही टोकांना काठी रोवावी. वरच्या काठीशी वाळके पान सोडावे व खालच्या काठीपर्यंत पोहोचण्यास किती सेकंद लागले ते पाहावे. समजा, ४० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर झाला. ओढ्याची रुंदी ६० सेंटिमीटर व सरासरी खोली १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला १५ लिटर पाणी वाहते. पृष्ठभागाचे पाणी तळापेक्षा जलद चालते, म्हणून उत्तराला ०.८ ने गुणावे. १२ लिटर उरतात. एका दिवसात सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला दहा लाख लिटरांहून अधिक पाणी! एवढ्याशा ओघळीतून इतके पाणी जाते हे कळल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. गणिताच्या तासाला असा गुणाकार क्वचितच लाभतो.

गावातील मोरीचे माप बादलीने घ्यावे. ओढ्यात पडणाऱ्या तोंडाशी शिक्षकांनी दहा लिटरची बादली धरावी व मुलांनी सेकंद मोजावेत. २० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, आणि तोच वेग दिवसभर राहिला तर ४३,२०० लिटर. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे माप दरडोई दररोज ५५ लिटर धरतात. त्यातील सुमारे ८० टक्के, म्हणजे ४४ लिटर, सांडपाणी होते. भागाकार केला की ते पाणी जवळपास हजार माणसांचे ठरते. सकाळी व दुपारी असे दोनदा मोजल्यास आकडे बरेच निराळे येतील. तो फरक का पडतो हे मुलांच्या आया अधिक चांगले सांगतील, म्हणून गृहपाठ तोच द्यावा.

वर्गात परतल्यावर नकाशावर प्रत्येक मोरीचे तोंड लाल खडूने व प्रत्येक उकिरडा काळ्या ठिपक्याने दाखवावा. मग उपयोजन : कोणत्या तोंडाचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत वळविता येईल? शाळेतील हात धुण्याच्या जागेचे पाणी कोठे जाते? पुष्कळ शाळांत हा शेवटचा प्रश्न शिक्षकांनाच निरुत्तर करतो, व मुले ते हेरतात. तेथूनच काम सुरू करावे. हात धुण्याच्या पाण्यावर केळीची चार झाडे जोमाने येतात.

काठावरची माणसे

ओढ्याचा विषय घेताना एका गोष्टीचे भान सुटता कामा नये. काठावर जी घरे असतात ती बहुधा गावातील सर्वांत गरीब माणसांची असतात, आणि त्या घरांतील मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात. "घाण कोण करते?" असा प्रश्न विचारताच सारा वर्ग त्यांच्याकडे वळून पाहतो. म्हणून प्रश्नाचे रूप बदलावे : "हे पाणी कोणकोणत्या घरांतून निघाले?" मोऱ्यांचा नकाशा मग दाखवितो की, घाण वरच्या आळीतील पक्क्या घरांतून निघते व दुर्गंधी काठावरच्या झोपडीला सोसावी लागते. नकाशा हे बोलतो, शिक्षकाला बोलावे लागत नाही.

याच माणसांच्या पोटापाण्याचाही विचार या पाठात यावा. ओढा सुधारावयाचा तर काठ बांधणारे गवंडी लागतात, करंज, उंबर, जांभूळ, बांबू यांची रोपे तयार करणारी रोपवाटिका लागते, गाळ काढणारे व गवत कापणारे हात लागतात, कचरा वेगळा करणाऱ्या स्त्रिया लागतात. पुढे काठ बसण्याजोगा झाला की चहाची टपरी, फळांची गाडी, सायकल दुरुस्तीचे दुकान येते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या स्त्रियांना पिण्याच्या पाण्याची तपासणी संचाच्या साहाय्याने करण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. अशी कोणी शिकलेली भगिनी गावात असेल तर तिला वर्गात बोलवावे. ही कामे काठावरच्याच माणसांना मिळाली तर ओढा राखला जातो. बाहेरचा ठेकेदार बिल निघाल्यावर परत येत नाही.

उलट बाजूही सातवीच्या वर्गापुढे ठेवण्यास हरकत नाही. काठ सुंदर झाला की जागेची किंमत व घरभाडे वाढते. सेऊलमध्ये ओढ्यालगतच्या फेरीवाल्यांना एका जुन्या क्रीडांगणात हलविण्यात आले, आणि काही वर्षांतच नवीन इमारतीसाठी ते क्रीडांगणही पाडले गेले. ज्यांनी दुर्गंधी सोसली त्यांनाच सुगंधाच्या वेळी उठावे लागले, तर ती सुधारणा कोणाची, हा प्रश्न मुलांनी विचारला तर तो टाळू नये. त्याचे तयार उत्तर देण्याचीही घाई करू नये. ग्रामसभेत ओढ्याचा विषय निघेल तेव्हा काठावरची घरे हजर असतात काय, एवढे मुलांनी घरी विचारून यावे.

आपल्या जिल्ह्यात जुन्या पाणवठ्यांना जाग आणण्याचा अनुभव नाही असे नाही. सेलू तालुक्यातील वालूर येथील जुनी बारव गावकऱ्यांनी मोकळी केली. बारव चार भिंतींत असते, ओढा साऱ्या गावातून फिरतो, म्हणून त्याचे काम अधिक किचकट आहे. परंतु शाळेला त्यात एक काम निश्चित करता येते, ते म्हणजे नोंद ठेवण्याचे. मोऱ्यांचा नकाशा, दोन्ही ठाण्यांची निरीक्षणे व मोजलेले आकडे एका जाड वहीत उतरवावेत, वर तारीख व वार लिहावा, ती वही शाळेच्या दप्तरात ठेवावी, आणि पुढील वर्षी त्याच महिन्यात नव्या वर्गाने त्याच दोन ठाण्यांवर जाऊन तीच मापे घ्यावीत. नकाशाची एक नक्कल ग्रामपंचायतीस द्यावी. ज्या शाळांना पहिल्या वर्षाच्या नोंदी पुऱ्या करता येतील त्यांनी वही घेऊन केंद्राच्या शिक्षण परिषदेस यावे. एकाच ओढ्यावरची दोन-तीन गावे असतील तर त्यांच्या वह्या वरून खाली अशा क्रमाने शेजारी मांडून वाचता येतील.